नेमबाजी प्रश्नोत्तरे : जुन्या लष्करी रायफलीची अचूकता कशी पारखावी?

मागील अंकात या सदरात मी असे लिहिले होते की, जुन्या लष्करी रायफलीची पारख तिच्या वयावरून, तिच्यावरच्या शिक्क्यांवरून किंवा नळीच्या चकाकीवरून करू नये. तिने कागदावर पाडलेली भोके मोजावीत आणि मगच मत द्यावे. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे आणि सातपुड्याच्या कडेने पीक संरक्षणाचे परवाने काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यामुळे या विषयाची जाण खानदेशात जुनी आहे आणि ती पत्रांच्या भाषेवरूनही कळते.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी कायद्याची एक बाब सांगणे आवश्यक आहे. .३०३ आणि ७.६२ मि.मी. ही लष्करी मापे आपल्याकडे प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना जिल्हादंडाधिकारी देत नाहीत, तो अधिकार केंद्र सरकारचा आहे. सर्वसामान्य परवानाधारकाच्या घरी असते ती ईशापूरच्या (पश्चिम बंगाल) सरकारी कारखान्याची .३१५ किंवा .२२ ची रायफल, क्वचित .३०-०६. पुढील उत्तरे त्या मर्यादेत वाचावीत.

प्रश्न : आजोबांची ईशापूरची .३१५ रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. मान्यताप्राप्त रेंजवर शंभर मीटरवरून तीन गोळ्या झाडल्या. दोन जवळजवळ एकाच भोकात गेल्या आणि तिसरी त्यांच्यापासून चार इंचांवर लागली. एक जाणकार म्हणतात की नळी संपली आहे. दुसरे म्हणतात की दोन गोळ्या एकत्र लागल्या म्हणजे रायफल उत्तम आहे, तिसरी आपल्या हाताने चुकली. कोणाचे खरे मानावे? — एक वाचक, पाचोरा

उत्तर : दोघांचेही मानू नये, कारण तीन गोळ्यांवरून यांपैकी कोणताच निष्कर्ष निघत नाही. तीन ठिपके कागदावर कसेही पडले तरी त्यांतले दोन जवळ आणि एक लांब, असे चित्र निव्वळ योगायोगानेही वारंवार दिसते. जवळच्या दोहोंना रायफलीचे खरे रूप समजणे आणि लांबच्या एका गोळीचा दोष स्वतःकडे घेणे ही नेमबाजांची फार जुनी सवय आहे, आणि जुन्या रायफलींविषयीच्या बहुतेक अवास्तव कथा तिच्यातूनच जन्मल्या आहेत.

त्याच रायफलीने, त्याच काडतुसांनी आणि त्याच नेमबाजाने तीन-तीन गोळ्यांचे अनेक ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, काढले आणि दहा-दहा गोळ्यांचेही काढले, तर दहाच्या ग्रुपची रुंदी सरासरीने तीनच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडी अधिक भरते. रायफल बिघडलेली नसते. गोळ्या जितक्या जास्त, तितकी टोकाची एखादी गोळी पडण्याची शक्यता जास्त, एवढेच त्याचे कारण. पाच गोळ्यांचा ग्रुपही पुष्कळ हलतो. ज्या रायफलीचा पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप सात सेंटिमीटर आहे, ती एका सकाळी पाच सेंटिमीटरचा आणि दुसऱ्या सकाळी नऊ सेंटिमीटरचा ग्रुप देईल आणि त्यात वावगे काहीच नसेल. म्हणून कोणी खिशातून एकच घडी घातलेला कागद काढून दाखवला, तर तो कौतुकाने पाहावा, पण त्यावरून रायफल घेऊ नये.

परवान्यावर काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते आणि काडतुसे स्वस्तही नाहीत, याची मला कल्पना आहे. त्यावर एक चांगला उपाय आहे. प्रत्येक वेळी पाचच गोळ्या झाडाव्यात, पण कागद फेकू नये. नेम धरण्याचा बिंदू प्रत्येक कागदावर अचूक एकाच जागी छापलेला किंवा आखलेला असावा. साइटला, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाला, हात न लावता दोन किंवा तीन दिवसांचे असे कागद जमले की त्यांवर बटर पेपर ठेवून, नेमाचा बिंदू जुळवून, सगळी भोके एकाच बटर पेपरवर उतरवून घ्यावीत. पंधरा गोळ्यांचे जे चित्र तयार होते ते खरे बोलते, आणि त्यात वेगवेगळ्या दिवसांचा फरकही आपोआप धरला जातो.

मोजताना दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घेऊन त्यातून गोळीचा व्यास वजा करण्याची पद्धत आहे, परंतु कागद ताणून पुन्हा मिटत असल्यामुळे भोक गोळीपेक्षा थोडे लहान दिसते आणि हिशेब चुकतो. त्यापेक्षा व्हर्निअर कॅलिपरने एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर थेट मिळते. याहूनही चांगले माप हवे असेल तर सर्व भोकांचा मध्यबिंदू काढावा आणि त्या मध्यापासून प्रत्येक भोकाचे अंतर मोजून त्याची सरासरी घ्यावी. टोकाच्या दोन गोळ्यांमधले अंतर मोजले तर बाकीच्या गोळ्या वाया जातात. सरासरी अंतरात मात्र प्रत्येक काडतुसाचा उपयोग होतो. काडतुसे मोजून वापरणाऱ्या माणसाला हेच माप परवडते.

आपल्या पत्रात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे : लांबची गोळी पहिली होती, मधली होती की शेवटची? पहिली असेल तर नळीत तेल होते का, हे आधी पाहावे. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बहुधा वेगळ्या जागी लागते, म्हणून नळी कोरडी पुसून एक-दोन गोळ्या बाजूच्या कागदावर झाडाव्यात आणि मग मोजणीला सुरुवात करावी. शेवटची असेल तर तापलेली नळी लाकडाला कुठे टेकते आहे का, हा प्रश्न येतो. दुर्बिणीतून पाहणाऱ्या सोबत्याने प्रत्येक गोळीचा क्रमांक कागदाच्या नकलेवर टिपून ठेवला, तर दोषाचे निदान निम्मे सोपे होते.

आता अपेक्षा किती ठेवावी, ते सांगतो. .३१५ ची ही रायफल .३०३ ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्याच यंत्रणेवर बांधलेली आहे आणि तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन ८ x ५० मॅन्लिकर लष्करी काडतूस आहे. लष्करी काडतूस नागरिकांना मिळू नये, पण यंत्रणा तीच वापरता यावी, अशी ती योजना होती. ती शिकारीच्या अंतरासाठी आणि मऊ टोकाच्या जड गोळीसाठी केलेली आहे. मूळ साइट, मूळ लाकूड आणि कारखान्याची काडतुसे यांसह वाळूच्या पिशव्यांवर टेकवून शंभर मीटरवर दहा गोळ्या दहा-बारा सेंटिमीटरमध्ये आल्या, तर माझ्या मते आपल्या आजोबांची रायफल निरोगी आहे. मात्र पिशवी लाकडाखाली आणि दर वेळी त्याच जागी असावी. नळी पिशवीवर टेकवली तर केलेली सगळी मोजणी रद्द समजावी.

प्रश्न : मी राज्य राखीव पोलीस बलातून निवृत्त झालो आहे. आमच्या वेळी .३०३ वर तीनशे यार्डांची चांदमारी होत असे आणि चांगले नेमबाज उत्तम गुण मिळवत. आता नातवाच्या वयाची मुले दहा मीटरच्या एअर रायफलवर सराव करतात आणि .३०३ ला काठी म्हणतात. ती रायफल खरोखर अचूक होती, की आम्हाला तिची माया आहे म्हणून तसे वाटते? — एक निवृत्त जवान, धुळे

उत्तर : माया असणे स्वाभाविकच आहे, आणि त्या रायफलीने ती कमावली आहे. तरी अचूकतेचा निवाडा करताना आधी विचारावे लागते की वर्तुळ केवढे होते. दहा मीटरच्या एअर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. पन्नास मीटरच्या .२२ साठी तो १०.४ मिलिमीटर असतो, आणि तीनशे मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दहाचे वर्तुळ १० सेंटिमीटरचे असते. तीनशे मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटरवर साधारण सव्वातीन सेंटिमीटर. सैन्याला दिलेल्या स्थितीतली .३०३ एवढ्या जागेत सातत्याने गोळ्या ठेवत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्याकडून ती अपेक्षाच नव्हती. अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींच्या ज्या स्पर्धा होतात त्यांत २०० यार्डांवर दहाचे वर्तुळ सात इंचांचे आणि त्यातले आतले वर्तुळ तीन इंचांचे असते. त्या मापाने पाहिले तर धडधाकट ली-एनफील्ड आजही दहाच्या वर्तुळाला पात्र ठरते. सेवेतल्या हत्याराला सेवेचे वर्तुळ लावावे.

आपल्या हातातली रायफल नेमकी कोणती होती, यावरही बरेच अवलंबून आहे. १९०७ साली आलेल्या मार्क ३ नमुन्यावर मागची साइट नळीवर बसवलेली, उघड्या खाचेची आहे आणि माशीपासून, म्हणजे नळीच्या तोंडाकडच्या पुढच्या साइटपासून, तिचे अंतर सुमारे ४९ सेंटिमीटर भरते. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलीवर मागची साइट डोळ्याजवळ, यंत्रणेच्या मागच्या टोकाला आणि भोकाची आहे, आणि हे अंतर सुमारे ७३ सेंटिमीटर आहे. नेम धरताना माशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकली असे धरले, तर पहिल्या रायफलीवर शंभर मीटरवर गोळी सुमारे २० मिलिमीटर सरकते आणि दुसरीवर सुमारे १४. नळ्या दोन्हींच्या सारख्याच चांगल्या असल्या तरी कागदावर नंबर ४ सरस दिसेल. म्हणून उघड्या खाचेच्या रायफलीचा ग्रुप मोठा आला की लगेच नळीला दोष देऊ नये. चाळिशीनंतर खाच, माशी आणि फलक या तिन्ही गोष्टी डोळ्याला एकदम स्पष्ट दिसत नाहीत, आणि नळीच्या नावावर लिहिलेला दोष पुष्कळदा चष्म्याचा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळेल. ली-एनफील्डच्या बोल्टचे, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या दांड्याचे, लग (त्याला अडवून धरणारे खुंट) मागच्या बाजूला आहेत. बार होताना सगळी यंत्रणा किंचित लवते आणि नळीचे तोंड वर-खाली कंप पावते. गोळी किंचित हळू सुटली तर ती नळीतून थोडी उशिरा, म्हणजे तोंड जरा वर गेलेले असताना, बाहेर पडते. त्यामुळे लांब अंतरावर हळू गोळीची तूट काही प्रमाणात भरून निघते. याच कारणाने ही रायफल जवळच्या अंतरावर मध्यम आणि दूरच्या अंतरावर अपेक्षेपेक्षा चांगली, अशी तिची ख्याती झाली. बहुतेक रायफलींचे याच्या उलट असते : वेगातला दोन टक्के फरक शंभर मीटरवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंची बदलतो, पण तीनशे मीटरवर तोच फरक चार-पाच सेंटिमीटरचा होतो. त्यामुळे शंभर मीटरच्या कागदावरून तीनशे मीटरचे भाकीत करायचे असेल तर काडतुसांचा वेग मोजलेला असला पाहिजे.

मुलांना मात्र एवढेच सांगावे की एअर रायफलवर श्वास आणि चाप यांची जी शिस्त ते शिकत आहेत, तीच .३०३ वरही लागत असे, आणि वर खांद्याला धक्का सोसावा लागत असे.

प्रश्न : आमची शेती सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रेंज लांब पडते. शेतातच मातीच्या बांधाला कागद लावून रायफलीची चाचणी घेतली तर चालेल का? — एक वाचक, शहादा

उत्तर : चालणार नाही. अशा रायफलीची गोळी तीन किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते, आणि दगडावरून उसळलेली गोळी कोणत्या पाड्याकडे जाईल हे कोणालाही सांगता येत नाही. पीक संरक्षणाच्या परवान्याने चांदमारीची परवानगी मिळत नाही. चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच घ्यावी, मग ती वर्षातून एकदाच का होईना.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे आणि तेथील कायद्याप्रमाणे जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धेत भाग घेऊ इच्छितो. त्याच्यापुढे ली-एनफील्ड, स्वीडिश माउझर, स्विस के-३१ आणि रशियन मोसिन-नागांत असे पर्याय आहेत. दुकानात झाडून पाहता येत नाही. मामाने सल्ला द्यावा असा त्याचा आग्रह आहे. मी ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केली असली तरी माझा संबंध पेट्यांशी होता. काय कळवावे? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाच्याला कळवावे की नळीच्या तोंडापासून सुरुवात कर. गोळी नळीतून सुटताना तिला शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेचा होतो, आणि ती कड एका बाजूला झिजलेली असेल तर बाकीची नळी आरशासारखी असूनही ग्रुप फाटतो. दोरीचा पुल-थ्रू वर्षानुवर्षे तिरका ओढल्याने किंवा लोखंडी गज तोंडाकडून घालून साफसफाई केल्याने ही झीज होते. छोटी विजेरी तिरकी धरून आटे (नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) तोंडापर्यंत सगळीकडे सारखे धारदार दिसतात का, ते पाहावे. पुष्कळ विक्रेते नळीच्या तोंडात गोळी घालून ती किती आत जाते ते दाखवतात. ढोबळ अंदाजापुरते ते ठीक आहे, पण गोळ्यांचे व्यासच कमी-जास्त असतात, त्यामुळे मोजमापाच्या पिना वापरणाऱ्या दुरुस्तीकाराचा शब्द अधिक विश्वासाचा.

दुसरी जागा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खणाच्या, पुढचा घसा. जुन्या ब्रिटिश काडतुसांतली कॉर्डाइट नावाची दारू फार उष्ण जळते आणि ती आटे नेमके तिथेच खाते. घसा लांबलेल्या .३०३ नळीत होडीसारख्या निमुळत्या बुडाची गोळी नीट बसत नाही, तर सपाट बुडाची बुडाशी फुगून आटे धरते. तेव्हा अशी एखादी रायफल एका काडतुसाने नापास झाली, तरी सपाट बुडाच्या गोळीवर तिची आणखी एक परीक्षा घ्यायला हवी. कागदावरचे भोक गोल न पडता लांबट पडत असेल, तर मात्र गोळी आडवी होऊन जात आहे आणि नळी व गोळीचे माप जमलेले नाही, असे निश्चित समजावे.

तिसरे म्हणजे, मूळ साइटच्या सर्वांत खालच्या आकड्याला दोष समजू नये. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन माउझरची मागची साइट ४०० मीटरच्या खाली येतच नाही आणि स्वीडिश १८९६ नमुन्याची ३०० मीटरपासून सुरू होते. त्या शंभर मीटरवर बऱ्याच उंच मारतात, कारण त्या तशाच केल्या आहेत. मोसिन-नागांतच्या १८९१/३० नमुन्याची साइट संगीन लावून जुळवली जात असे. संगीन काढली की गोळ्यांची जागा बदलते. ग्रुप घट्ट असेल आणि चुकीच्या जागी असेल, तर उंच किंवा बुटकी माशी बसवून, किंवा माशी बाजूला सरकवून तो हलवता येतो. घट्टपणा मात्र माशी बदलून येत नाही.

चार पर्यायांत निवड करायची तर, स्थिती सारखी असल्यास, मी के-३१ पुढे ठेवीन. ही १९३१ ची रायफल अत्यंत काटेकोरपणे बनवलेली आहे. नेमबाजी ही स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांची सवय असल्यामुळे त्या रायफली बहुधा सांभाळलेल्या मिळतात, आणि तिच्यात वापरले जाणारे १९११ सालच्या नमुन्याचे, १७४ ग्रेन वजनाच्या गोळीचे काडतूस आजही लष्करी काडतुसांत फार एकसारखे मानले जाते. स्वीडिश ६.५ मि.मी. तिच्या खालोखाल, आणि तिचा धक्काही सौम्य. ली-एनफील्डमध्ये नग पाहून घ्यावे लागते, कारण त्यांतल्या अनेकांची पुन्हा पुन्हा दुरुस्ती झालेली आहे. बोल्टचा क्रमांक आणि रायफलीचा क्रमांक जुळतो का, हे पाहावे, आणि काहीही असले तरी झाडण्यापूर्वी दुरुस्तीकाराकडून गेजने काडतुसाच्या बसकेची मोकळीक, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांमधली फट, तपासून घ्यावी; ती सुरक्षिततेची बाब आहे.

दुकानदार 'सुधारलेली' रायफल दाखवेल, जिचे लाकूड कापले आहे, नळी आखूड केली आहे, दुर्बिणीसाठी भोके पाडली आहेत. मूळ स्थितीतल्या रायफलींच्या स्पर्धेत ती चालत नाही आणि तिचे ऐतिहासिक मोलही गेलेले असते. ती घेऊ नये.

प्रश्न : जुन्या रायफलीची नळी आतून काळपट आणि बारीक खड्ड्यांची दिसते. ती बाद समजावी का? आमचे एक ज्येष्ठ सांगतात की नळीत उकळते पाणी ओतावे. ऐकून अंगावर काटा येतो. — एक वाचक, एरंडोल

उत्तर : ज्येष्ठांचे बरोबर आहे. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून लष्करात चेंबरकडून नरसाळ्याने उकळते पाणी ओतून नळी धुण्याची पद्धत होती. पाणी उकळते असले की पोलाद तापते आणि उरलेला ओलावा आपोआप वाळतो. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाची चिंधी फिरवावी. नुसते तेल लावून ठेवलेल्या कित्येक चांगल्या नळ्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आतून गंजून गेल्या आहेत. काडतुसाच्या बुडावर KF, म्हणजे खडकी, किंवा OFV, म्हणजे वरणगाव, अशी अक्षरे आणि बहुधा वर्षही असते. जुने वर्ष दिसले आणि प्राइमरची खात्री नसली, तर पाण्याने धुणे हाच सुरक्षित नियम धरावा.

काळपट नळी बाद समजू नये. आटे उंच आणि धारदार असतील, तोंडाची कड शाबूत असेल आणि खड्डे नळीच्या मधल्या भागात विखुरलेले असतील, तर अशा नळ्या चांगल्या मारतात. त्या लवकर मळतात एवढेच. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर ग्रुप उघडायला लागतो आणि साफ करावे लागते. उलट, चकचकीत पण आटे गुळगुळीत झालेली नळी दिसायला सुंदर आणि कागदावर निराशाजनक असते.

प्रश्न : वडिलांची .३१५ रायफल माझ्या परवान्यावर आहे आणि मी .२२ च्या स्पर्धा खेळते. .३१५ ची एक अडचण सुटत नाही. हिवाळ्यात ती जिथे मारते, तिथे मे महिन्यात मारत नाही, आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करून परत आणली की पुन्हा तिसऱ्याच जागी मारते. ग्रुपचा आकार मात्र फारसा बदलत नाही. हा नळीचा दोष आहे का? — एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, ग्रुपचा आकार टिकतो आणि जागा बदलते, हे आपण स्वतः नोंदवले आहे, त्यातच अर्धे उत्तर आहे. नळी थकलेली असती तर आकार बिघडला असता. इथे लाकूड, स्क्रू, उष्णता आणि प्रकाश या चार गोष्टी तपासाव्या लागतील.

लाकूड ऋतूप्रमाणे हलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. लाकूड आकसते आणि चापाच्या पुढचा मुख्य स्क्रू सैल पडतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबू लागते. तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, लिहिण्याच्या कागदाची अरुंद पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये पुढून सरकवावी आणि ती कुठे अडते तिथे पेन्सिलने खूण करावी. हे काम जानेवारीत, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये करावे. खूण सरकत असेल, तर गोळ्यांची जागा का सरकते हे कळले. त्यानंतर नळी आणि लाकूड जिथे मिळतात तिथे बोटाचे टोक ठेवून दुसऱ्याने तो स्क्रू सावकाश सैल करून पुन्हा आवळावा. बोटाखाली नळी लाकडातून हललेली जाणवली, तर यंत्रणा लाकडात ताणून बसलेली आहे. लाकूड घासण्याचा मोह घरी करू नये. जिथून घासले तिथे परत भरता येत नाही, आणि जिथे यंत्रणेचा धक्का लाकडाला टेकतो ती जागा बिघडली तर आत्ता चांगला असलेला आकारही जाईल. हे काम परवानाधारक दुरुस्तीकाराचेच आहे. तोच नियम नळीच्या तोंडाला. नळी आखूड करणे हा शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय गुन्हा आहे.

उष्णतेचा दुसरा परिणाम दारूवर होतो. तापलेल्या काडतुसाचा दाब आणि वेग वाढतो. गाडीच्या काचेखाली ठेवलेली काडतुसे आणि सावलीतल्या डब्यातली काडतुसे वेगवेगळ्या उंचीवर लागणार. तापलेल्या नळीत काडतूस घालून फार वेळ नेम धरत बसले तरी तेच होते. काडतुसे कापडी पिशवीत, सावलीत ठेवावीत आणि चाचणी सकाळी लवकर घ्यावी. बोल्ट उघडताना जड जायला लागला तर त्या दिवशी गोळीबार थांबवावा.

प्रकाशाचा दोष अनेकांच्या लक्षात येत नाही. झिजून चकाकणाऱ्या माशीवर एका बाजूने कडक ऊन पडले की उजळ कडच माशी वाटते आणि नेम सरकतो. .२२ च्या स्पर्धांत आपण पाहिले असेल, जुने नेमबाज कापूर पेटवून त्याची काजळी माशीला धरतात. ती .३१५ लाही धरावी. गडद, मखमली काळी माशी उन्हात आणि सावलीत सारखीच दिसते.

राहिली निवडणुकीची गोष्ट. जमा केलेल्या रायफली भिंतीला टेकवून एकमेकींशेजारी ठेवल्या जातात, आणि माशीला बसलेला हलका धक्काही शंभर मीटरवर स्पष्ट दिसतो. जमा करण्यापूर्वी माशीच्या बुडाशी आणि तिच्या बैठकीवर मिळून सुईने एक बारीक सरळ रेघ ओढावी, मुख्य स्क्रूच्या खाचेची दिशा मोबाइलवर टिपून ठेवावी आणि रायफल परत आली की दोन्ही आधी ताडून पाहाव्यात. रेघ तुटलेली दिसली तर माशी पुन्हा जुळवून घ्यावी. रेघ आणि खाच दोन्ही जागच्या जागी असूनही गोळ्या सरकल्या, तर नळी कोरडी करून पाच गोळ्या झाडाव्यात, कागदाच्या पट्टीची खूण पुन्हा पाहावी, आणि ते दोन्ही कागद दुरुस्तीकारासमोर ठेवावेत.